मागावरची गाठ

"गाठोडं मांडीवरून खाली ठेवायचं नाही. झोप आली तरी नाही, तहान लागली तरी नाही," मीनाबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं आणि एसटीच्या खिडकीतून हात आत घालून गाठोड्याची गाठ पुन्हा एकदा चाचपली.

"आणि शिंक आली तर?" कुमारने विचारलं.

"तर तोंड फिरवून शिंकायचं."

सोलापूरच्या बसस्थानकावर पावणेसहा वाजले होते. मे महिन्यातली ती सकाळ अजून तापली नव्हती, पण तापण्याच्या बेतात असलेल्या तव्यासारखी गप्प होती. त्यांची मुलगी धम्मप्रिया खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवर डाळिंबी रंगाची, पांढऱ्या मोरांची एक सोलापुरी चादर घडी करून बांधलेली होती आणि त्या घडीच्या पोटात तिच्या भावाचं सगळं भविष्य होतं.

तिचा भाऊ भीमा तीन वर्षं बोटीवरच्या नोकरीची वाट पाहत होता. परवा अचानक बोलावणं आलं म्हणून तो धावतपळत रत्नागिरीला गेला, आणि पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की खलाशाचं पुस्तक घरीच राहिलं आहे. मालवाहू बार्ज आज संध्याकाळी सहाच्या भरतीला मुंबईकडे निघणार होती. पुस्तकाचा फोटो चालणार नव्हता. मूळ पुस्तकच हवं होतं. ते वेळेत पोचलं नाही, तर भीमाच्या जागी चढायला दुसरा मुलगा बंदराच्या फाटकाशी तयार उभा होता. सुट्टीत समुद्र पाहायला जायचं मुलांचं आधीच ठरलेलं होतं. आता त्या सहलीला एकदम धार आली होती.

पुस्तक मुलांना घेऊन निघालेल्या दिपकमामाच्या खिशात द्यावं, असं कुणी सुचवलंही नाही. त्या खिशांनी आजवर दोन मोबाइल आणि स्वतःच्याच लग्नातली अंगठी गिळली होती. म्हणून मीनाबाईंनी ते चादरीच्या मधल्या घडीत ठेवलं आणि टॉवेलच्या काठाच्या पट्टीने गाठोडं बांधलं. त्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होत्या. मागावर धागा तुटला, की तो जोडायची एक बारीक, चपटी गाठ असते. दोन्ही शेपट्या एकाच कुशीला येतात आणि कितीही ओढली तरी ती अधिकच आवळते. मीनाबाईंची बोटं दुसरी गाठ जणू विसरूनच गेली होती. परकराची नाडी असो की पिठाची पिशवी, सगळीकडे तीच.

गाडी सुटली. मीनाबाई हात हलवत राहिल्या नाहीत. पहिल्या पाळीला पोचायचं होतं. त्या पाठ फिरवून भरभर चालू लागल्या आणि धम्मप्रियाला त्यांची ती पाठ बराच वेळ दिसत राहिली, गाडी वळल्यानंतरही.

"गाडीत बघ," कुमार म्हणाला. तो तिच्या शेजारच्या घरातला, अकरा वर्षांचा, आणि जगातली प्रत्येक पाटी वाचायची त्याला खोड होती. "पांढऱ्या मोरांची पाच गाठोडी आहेत. सगळी डाळिंबी. तुझं धरून सहा."

खरंच होतं. सोलापूरचा माणूस परगावी निघाला, की पाहुण्यांसाठी चादर घेतो. आणि यंदा बाजारात मोर चालले होते. पलीकडच्या बाकावर विटकरी शर्टातला एक धिप्पाड गृहस्थ, कानांवर रुमाल बांधून, तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याच्याही मांडीवर तसेच मोर होते.

सांगोल्याला मायाक्का चढली. ती या दोघांच्याच शाळेत होती; वसतिगृहात राहायची आणि सुट्टीला गावी आलेली होती. तिला सोडायला तिचे वडील धुळा मेंढरं भावाकडे सोपवून आले होते. त्यांनी खिडकीतून आधी चार डाळिंबं आत दिली, मग घडी केलेलं काळं घोंगडं, आणि शेवटी सूचना.

"पावनं, पोरीला पान्यात लांब जाऊ देऊ नगा. तिला टँकरच्या पान्याची सवय हाय."

"आबा, म्या काय बकरू हाय व्हय?" मायाक्का म्हणाली.

"बकरू बरं. त्ये हाक मारल्यावर येतंय तरी."

गाडी हसली, विटकरी शर्टवाला जागा झाला आणि त्याने कंडक्टरला विचारलं, "कोल्हापूरला रत्नागिरीची गाडी लगेच घावंल की? पाचाला बोट सुटती आमची." उत्तर ऐकून तो पुन्हा झोपला. कुमारने ते सहज ऐकलं आणि सहज मनात ठेवलं, जशा तो पाट्या ठेवत असे.

ऊन चढत गेलं. मिरज गेलं. धम्मप्रियाच्या मांडीला घाम आला, पाय बधिर झाले. दर दहा मिनिटांनी ती मामाचं घड्याळ बघे आणि दर पाच मिनिटांनी तिची बोटं आपोआप त्या चपट्या गाठीवर जात. रस्ता तिला लांब वाटत नव्हता. तो मुद्दाम सावकाश चालल्यासारखा वाटत होता.

कोल्हापूरच्या स्थानकावर गाडी बदलायची होती. बाकावर बसून सगळ्यांनी पाय मोकळे केले. शेजारीच विटकरी शर्टवाला बसला होता.

"दे ते इकडं," मामा म्हणाला. "जा, बाटल्या भरून आण. मी काय गाठोडं खाणार आहे का?"

धम्मप्रियाने ते दिलं. नळापाशी चार माणसं होती. फार तर पाच मिनिटं लागली असतील. ती परतली तेव्हा मामा दोन्ही हातांत वडापाव घेऊन उभा होता, गाठोडं बाकावर एकटंच होतं आणि रत्नागिरीची एक गाडी खचाखच भरून फाटकातून बाहेर पडत होती.

"ती भरली होती. वीस मिनिटांनी दुसरी आहे," मामा म्हणाला. "खा."

दुसऱ्या गाडीत मामाने गाठोडं वर ठेवून दिलं. "बिचारीचे पाय सुजलेत," असं म्हणाला, आणि ते खरंही होतं. आंबा घाटात गाडी वळणं घेऊ लागली, दरीतून गार वारा आला. रिकाम्या मांडीने तिला अस्वस्थ केलं. तिने उठून गाठोडं खाली घेतलं आणि तिची बोटं सवयीने गाठीवर गेली.

गाठ तिथे नव्हती. म्हणजे एक गाठ होती. पण लठ्ठ, दोन कानांची सुरगाठ.

"मामा, हे आपलं नाही."

"मोर बघ की. आपलंच आहे."

"गाठ आईची नाही."

"गाठ काय, हलली असेल. प्रवासात माणूस हलतो, गाठ हलणार नाही?"

धम्मप्रियाने सुरगाठीचं एक टोक धरून ओढलं. गाठोडं मुकाट्याने उघडलं. आत चार नवे टॉवेल, शेंगाचटणीची पुडी, कडक भाकरींची चळत, आणि निळा नायलॉनचा धागा गुंडाळलेली हातभर लांबीची एक चपटी लाकडी सुई होती. पुस्तक नव्हतं.

मामाच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे जावं ते न कळल्यासारखं थोडा वेळ तिथेच राहिलं.

"मी दिलं," धम्मप्रिया म्हणाली. "आईने सांगितलं होतं, आणि मी दिलं."

"रडायचं तर संध्याकाळी रड," मायाक्का म्हणाली. तिने टॉवेल हुंगला, मग सुई हुंगली. "कापडाला नव्या कापडाचा वास हाय. ह्या लाकडाला न्हाय. आमच्याकडं सुकट शिजली की असा वास येतोय."

"मासळी," कुमार म्हणाला आणि ताठ बसला. "विटकरी शर्ट. त्याची पाच वाजता बोट सुटते. मी ऐकलंय. तो पुढच्या गाडीत आहे, आणि आपलं गाठोडं त्याच्याकडे."

कंडक्टरचं नाव संगप्पा होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रथम मामाकडे पाहिलं, मग मुलांकडे. "पुढच्या गाडीवर आमचे अभिमन्यू आहेत. लावतो फोन. पण घाटात रेंज नाही."

घाट संपेना. रेंज आली तर अभिमन्यू फोन उचलेनात. बाहेर लाल माती, काजूची झाडं, कौलांची घरं होती. या सगळ्यासाठीच तर धम्मप्रिया निघाली होती, आणि आता प्रत्येक वळण तिच्या वाटेत आडवं येत होतं. पालीला मामाचा मोबाइल वाजला. भीमाचं नाव पाहून मामाने तो विंचवासारखा धम्मप्रियाच्या हातात टाकला.

"प्रिया, कुठवर आलात?"

"पालीला."

"पुस्तक?"

तिने क्षणभर डोळे मिटले. "येतंय, दादा."

ते खोटं नव्हतं. पण खरंही अजून व्हायचं होतं.

रत्नागिरीच्या स्थानकावर गाडी शिरत असताना संगप्पांचा फोन लागला. "विटकरी शर्टवाला? उतरला की मघाशीच. मिरकरवाड्याची रिक्षा केली त्यांनी," अभिमन्यू सांगत होते. सव्वाचार वाजले होते. फलाटावर शहर बस उभी होती. कुमारने तिची पाटी सर्वांच्या आधी वाचली होती आणि तो पळत सुटलाही होता.

समुद्र दिसला तो असा, घाईत. बस एका उतारावर वळली आणि घरांच्या फटीतून काहीतरी लखलखलं, एवढं मोठं की ते पाणी आहे हे पटायला वेळ लागावा. मायाक्काचं तोंड उघडं राहिलं.

"हे समदं पानी हाय?"

"खारं आहे," कुमार म्हणाला.

"मग कशाला एवढं ठेवलंय?"

धम्मप्रियाला हसू आलं नाही. ती रस्ता बघत होती.

मिरकरवाडा बंदर त्यांच्या अंगावर आलं. रंगीत बावट्यांच्या शेकडो बोटी एकमेकींना घासत उभ्या होत्या. बर्फ फोडायचा खडखडाट, टोपल्या, हाका, बगळे, आणि पायांखाली मासळीचं पाणी. त्या पाण्यावरून मामा पहिल्याच पावलाला घसरला आणि एका रिकाम्या टोपलीत बसला. विटकरी शर्टवाला कुठे असेल? दोघांनी ऐकलं नाही, एकाने "बाजूला व्हा" म्हटलं, चौथ्याने हसून हात पसरले: इथे सगळेच शर्ट विटकरी, आणि सगळ्यांनाच घाई.

धक्क्याच्या कडेला एक म्हातारबाबा निळ्या जाळ्याच्या ढिगात बसले होते. चष्मा दोऱ्याने कानांना बांधलेला होता. धम्मप्रिया त्यांच्यापाशी गेली.

"आजोबा, एक विचारायचं होतं."

"आता नाय. हे दोन हात फाटलेलं पुरं झाल्याबिगर बोट सुटायची नाय, आणि बोटीचा तांडेल तिकडं बोंब मारतोय." त्यांनी मानही वर केली नाही.

ती परत फिरणार, तेवढ्यात तिची नजर त्यांच्या बोटांवर पडली. धाग्याचा एक फास, त्यातून खालून वर दुसरा, मागून वळसा, स्वतःच्याच पोटाखालून बाहेर. चपटी गाठ. दोन्ही शेपट्या एकाच कुशीला. तिने पुन्हा पाहिलं. सोलापुरापासून इतक्या लांब, पाण्याच्या काठावर, एक अनोळखी म्हातारा तिच्या आईची गाठ मारत होता.

ती गुडघ्यांवर बसली. शेजारी एक फाटका फास लोंबत होता, तुटकी टोकं सुटी होती. तिने ती उचलली आणि बांधली. मग दुसरा. सुई तिला चालवता आली नसती. पण तुटलेलं जोडायला तिला बोटं पुरत होती.

म्हातारबाबांचे हात थांबले. त्यांनी तिची गाठ दोन्ही हातांनी ताणून पाहिली. "कोणाची गो तू? ही गाठ तुला कोणी शिकवलान?"

"आईनं. ती मागावर टॉवेल विणते. सोलापूरला."

"टॉवेल," ते स्वतःशी म्हणाले. "तिकडं पण हीच काय? बोल. काय विचारायचं होतं?"

धम्मप्रियाने गाठोड्यातली लाकडी सुई त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती उलटी केली; मुठीपाशी तीन बारीक खाचा होत्या. "ही माझ्याच हातची. रुद्रप्पाला दिली होती, गावी जाताना. अक्कलकोटकडचा तो. चांगला माणूस, पण वेंधळा." त्यांनी हनुवटीने समोर दाखवलं. "ती हिरव्या बावट्याची बोट. हे जाळं तिचंच."

हिरव्या बावट्याच्या बोटीवर विटकरी शर्टवाला बर्फाच्या लाद्या आत सरकवत होता. धम्मप्रियाने हाक मारून सगळं सांगितलं. रुद्रप्पाने ऐकलं, आत जाऊन डाळिंबी गाठोडं घेऊन आला आणि ते छातीशी धरून कठड्यापाशी उभा राहिला.

"माझंच हाय की हे. बायकोनं बांधून दिलंय. मोर बघा."

"मोर सगळ्यांचेच आहेत," कुमार म्हणाला.

"अन् तुमचंच असंल हे कशावरनं?"

मामाने घसा साफ केला. "अहो, आम्ही शपथेवर सांगतो..."

"मामा, थांब," धम्मप्रिया म्हणाली. "काका, गाठ ओढा. एका ओढीत सुटली तर तुमची. आम्ही परत जातो."

बोटीवरची माणसं काम थांबवून बघू लागली. रुद्रप्पाने टोक ओढलं. गाठ आवळली. त्याने दोन्ही टोकं ओढली. ती आणखी आवळली. बर्फाच्या लाद्या एकट्याने उचलणाऱ्या त्या हातांनी नख लावून पाहिलं, दात लावून पाहिला. मग त्याने सावकाश गाठोडं खाली दिलं.

धम्मप्रियाने ओढलं नाही. आई करते तसं तिने एक पट्टी सरळ ताणून धरली आणि गाठ अंगठ्याने तिच्यावरून पुढे ढकलली. गाठ अंगठीसारखी घरंगळली. चादर उलगडली, आणि मधल्या घडीतून निळ्या कव्हरचं पुस्तक निघालं. उघडल्यावर पहिल्या पानावर भीमाचा घाबरलेला फोटो होता.

रुद्रप्पाने दोन्ही हात डोक्यावर मारले. "अय्यो. मी हे समुद्रात नेलं असतं की. आठ दिवस."

मायाक्काने त्याचं खरं गाठोडं वर दिलं. "हे घ्या तुमचं. अन् बायकूला सांगा, सुरगाठ बांधू नगं म्हनून."

"पळा, पाच वाजले," कुमार म्हणाला.

"बार्जचं बंदर त्या कड्याखालून," म्हातारबाबांनी हात केला. "रिक्षात बसा, दहा मिनिटं."

त्यांनी आणखी काहीतरी म्हटलं, पण मुलं ऐकायला थांबली नाहीत. मामा एका चपलेनिशी धावत होता. दुसरी टोपलीत राहिली होती.

भीमा फाटकाशी उभा होता. त्याच्या शेजारी तो दुसरा मुलगा होता, खांद्याला पिशवी लावलेला. रिक्षा थांबली तेव्हा दोघांनीही एकदम मान वळवली. बार्जवरच्या साहेबांनी पुस्तक घेतलं, पानं उलटली, फोटोकडे आणि भीमाकडे आळीपाळीने पाहिलं.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"साहेब, पुस्तक पुढं निघून गेलं होतं," कुमार म्हणाला. "आम्ही त्याला पकडून आणलं." आणि त्याने मोरांपासून शेपट्यांपर्यंत सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत, पण शेवटी त्यांनी विचारलं, "गाठ ओळखली कोणी?" आणि धम्मप्रियाकडे पाहून टोपीला हात लावला. "आमच्या बोटीवर असं बघणारं माणूस लागतं. भीमा, चढ."

तो दुसरा मुलगा पिशवी सावरत निघून गेला. धम्मप्रिया त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. मग तिने मायाक्काच्या पिशवीतली दोन डाळिंबं घेतली आणि त्याच्यामागे धावत जाऊन दिली. त्याने ती घेतली.

चादर भीमाला न्यायची होती. धम्मप्रियाने ती घडी केली, मोर आत घातले आणि पट्टी बांधली. पावणेसहाला तो फळीवरून चढला. सहाला पाणी फुगलं, दोर सुटले आणि बार्ज धक्क्यापासून इतक्या सावकाश दूर गेली, की आधी धक्काच हलल्याचा भास झाला. मायाक्का घोंगडं हलवत होती. आता समुद्राकडे पाहायला वेळ होता. तो पसरला होता, कुठेच न थांबता, आणि धम्मप्रियाला दिवसभर ज्याची घाई होती ते सगळं आता त्याच्यावर लहान लहान होत चाललं होतं.

मामाने फोन लावला. वडापावपासून सगळं त्याने स्वतःच कबूल केलं, एक शब्दही न गाळता, आणि मग मोबाइल धम्मप्रियाच्या कानाला लावला. पलीकडे मागांचा खडखडाट होता. मीनाबाईंनी दुसरी पाळीही घेतली होती.

"गाठ कुणी सोडली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"ओढून?"

"नाही. ढकलून."

"मग पुन्हा कुणी बांधली?"

"मीच."

मीनाबाईंनी मोबाइल कानापासून जरा दूर धरला असावा; कारण त्या आवाजात, शेजारच्या मागावरच्या बाईला त्या ओरडून सांगत होत्या, ते बंदरावर स्पष्ट ऐकू आलं: "माझ्या पोरीनं बांधलीय. आता ती मुंबईपर्यंत सुटत नाही."